दुखण्याचा उतारा

देवराव खंडारेची बोटं दुखायची थांबली. सगळीच्या सगळी, आणि कायमची. पण या गोष्टीची तहसीलीच्या आवक-जावकमध्ये नोंद नाही, आणि ज्याची आवक-जावकमध्ये नोंद नाही ते घडलेलं नसतं, हा या भागातला जुना कायदा आहे. तेव्हा आपणही ते घडलंच नाही असं धरू, आणि बोटं दुखत होती तिथून सुरुवात करू.

तर देवरावची बोटं दुखत होती.

देवराव अचलपुरात तहसीलीच्या आवाराबाहेर टिनाच्या शेडखाली मराठी टाइपरायटर घेऊन बसायचा. लोकांचे अर्ज टाइप करून द्यायचा. छप्पन सालच्या धर्मांतरानंतर त्याच्या बापानं घरातले देव नेऊन सापन नदीत सोडले. सगळे देव गेले. पोराच्या नावात एक आधीच चिकटून बसला होता, तेवढा राहून गेला. देवराव जन्मभर त्याची भरपाई करत आला. करणी, नजर, भानामती, उतारा, असा नुसता विषय निघाला तरी तो चष्मा काढून पुसायला घ्यायचा. चष्मा पुसून होईपर्यंत समोरच्यानं विषय बदलावा, अशी त्यात सूचना असायची.

त्याच्या शेजारी इनायतुल्ला बसायचा. तो इंग्रजी आणि हिंदी टाइप करायचा. दोघांची टेबलं एवढी जवळ की एकाच्या टाइपरायटरचा रूळ सरकला की दुसऱ्याचा चहा सांडायचा. इनायतुल्लालाही गंडे-तावीज चालत नसत. "ये सब जाहिल लोकायचं काम," असं तो म्हणायचा, आणि म्हणताना देवरावकडे बघायचा नाही, कारण देवराव तेव्हा चष्मा पुसत असायचा. या एका बाबतीत दोघांचं इतकं जमायचं की बाकी सगळ्या बाबतीत भांडायला त्यांना मोकळीक होती.

ज्या वर्षांत वऱ्हाडातले साखर कारखाने एकेक करून बंद पडत होते, त्याच वर्षांत देवरावच्या अंगात साखर तयार व्हायला लागली. ऊस नाही, पाणी नाही, भागभांडवल नाही. तरी उत्पादन चालू. डॉक्टरांनी सांगितलं, सकाळी उपाशीपोटी एकदा आणि जेवल्यावर एकदा घरीच तपासत जा, आणि पायाला जपा. पायाचं देवरावला सांगायची गरज नव्हती. त्याचा चुलतभाऊ चंद्रभान याच शुगरनं गुडघ्याखाली पाय देऊन बसला होता. खिळा रुतला होता, पण पायाला ते कळलंच नाही. पायाला कळलं नाही म्हणून चंद्रभानला कळलं नाही, आणि चंद्रभानला कळलं तेव्हा डॉक्टर आकडा सांगत नव्हते, पाय कुठवर कापायचा ती उंची सांगत होते.

म्हणून देवराव तपासत होता. पोरगा प्रीतम अमरावतीहून मशीन घेऊन आला, एकदा टोचून दाखवलं आणि दुपारच्या गाडीनं परत गेला. पुढची पद्धत देवरावनं स्वतःच्या अनुभवातून बसवली. उभा जन्म त्यानं लोकांचे अंगठे शाईत बुडताना पाहिले होते. बोटाचा जो भाग शाईत बुडतो, तोच बोटाचा अधिकृत भाग, अशी त्याची पक्की समजूत. तेव्हा त्यानं सुई तिथंच मारली: पेराच्या बरोब्बर मधोमध. आणि टाइपरायटरची कळही बोटाला बरोब्बर तिथंच लागते.

महिना गेला, अजून एक गेला. बोटांची टोकं सुजली, काळी पडली. 'ज्ञ' दाबायचा म्हटलं की देवरावचा घाम निघायचा. अर्ज चार प्रतींत लागतो. मधे कार्बन घालून एकदमच मारावा लागतो. त्याचा हात हलका पडला तशी चौथी प्रत कोरी यायला लागली. मग तिसरीही पुसट. 'नम्र विनंती'तला र उमटायचा राहिला आणि नुसतीच 'नम विनंती' वर जाऊ लागली. आतून बाबू अर्ज परत पाठवायचे. समोरच्या बाजूला एका पोरानं कॉम्प्युटरचं दुकान टाकलं होतं. तिथं चार काय, चाळीस प्रती निघायच्या, आणि त्या काढताना कुणाचं बोट दुखायचं नाही. लोक तिकडं वळायला लागले.

"अबे देवराव," इनायतुल्ला म्हणाला, "तू एकतर टोचणं सोड नाहीतर टाइप करणं सोड. दोन्ही मिळून तुवं बोट खाऊन राहिले."

"टोचणं सोडलं तर पाय जाईन. टाइप सोडलं तर पोट जाईन."

"मंग एक बोट सोड. कापून टाक."

"इनायत, तू मित्र हायेस का तहसीलदार?"

त्या आठवड्यात इनायतुल्लाची पोरगी लुबना सुट्टीवर आली. ती अकोल्याला एका लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करायची. बापाचा डबा द्यायला ती शेडमध्ये आली आणि देवरावचे हात बघून तिथंच बसली.

"चाचा, दाखवा." तिनं हात उलटा केला. "अब्बा, हे बोट हाये का चाळणी?"

"मले काय इचारते? मी समजलो गोंदून घेऊन राहिला."

"इथं मधात कोन टोचते, चाचा?"

"मंग कुठं? अंगठा आपन मधातच तर बुडवतो ना शाईत."

लुबनानं डबा बाजूला ठेवला. मग तिनं एकेक सांगायला घेतलं. मधात नाही, बाजूला टोचायचं, नखाच्या अंगानं. मधात सगळं कळतं, बाजूला कमी कळतं. अंगठा आणि पहिलं बोट सोडून द्यायचं, ती कामाची आहेत. बाकीच्यांना पाळीपाळीनं घ्यायचं. आधी कोमट पाण्यानं हात धुवायचे, कोरडे करायचे. सुई बसवायच्या पेनावरचा आकडा कमीवर ठेवायचा. मग हात खाली सोडून झटकायचा.

"असा," तिनं करून दाखवलं, "जसं काही लागेल हाये हाताले अन् ते झटकून टाकून राहिलो. रक्त खाली उतरते. तरी थेंब नाही आला तं टोक नका पिळू, तळहाताकडून पुढं पुढं सारत आना. अन् सुई रोज नवी लावता ना?"

देवरावनं इनायतुल्लाकडे पाहिलं. "त्याले पेन म्हनते ना? पेनाची निब रोज कोन बदलते?"

"चाचा! कधीपासून एकच हाये?"

"प्रीतमनं लावून देल्ती."

"प्रीतमभाऊ कधी आला होता?"

"तुरीले फूल होतं तवा."

बाजारात तेव्हा नवी तूरडाळ आली होती. लुबनानं कपाळाला हात लावला. "अन् वापरलेल्या सुया कचऱ्यात नका टाकू. घट्ट झाकनाच्या डब्यात जमवा, दवाखान्यात नेऊन द्या. कोनाले लागली, तं तुमचं त्याले जाईन."

ती रोगाबद्दल बोलत होती. देवरावनंही रोगाबद्दलच ऐकलं.

सांगितल्याप्रमाणं केलं तर फरक पडला. रोज नवी सुई, बाजूला टोच, कोमट पाणी, झटका. बोटांची सूज उतरली, चौथ्या प्रतीवर सावल्या दिसायला लागल्या. हात झटकायची त्याला एवढी सवय लागली की बाजारात भाजी घेतानाही तो हात खाली सोडून झटकायचा आणि भाजीवाली समजायची भाव पटला नाही. सुया तो एका बरणीत जमवत गेला. बरणी दुर्गाबाईंनी दिली होती, बायको या नात्यानं त्यांनी ती धुऊन द्यायला हवी होती, पण लिंबाच्या लोणच्याची एक फोड तळाशी अशी घट्ट बसली होती की त्या म्हणाल्या, "राहू द्या. सुयायले काय चव कळते?"

बरणी भरली. सुया, रक्ताचे डाग असलेल्या पट्ट्या, लाल झालेले कापसाचे बोळे, खाली हळदीत बुडालेली लिंबाची फोड. देवराव ती सायकलला लावून एका दवाखान्यात गेला. कंपाउंडर म्हणाला, "काका, आमचंच कुठं टाकावं हे आमी इचारून राहिलो. तुमी अजून आनून नका देऊ." देवराव परत फिरला.

परतवाड्याच्या वाटेवर जिथं तीन रस्ते मिळतात, त्या तिवाट्यावर सायकल खड्ड्यात गेली आणि बरणी पडली. झाकण तडकलं, अर्धा माल रस्त्यावर. दुपार होती, ऊन डोक्यावर, माणूस नाही. देवराव बसला, काटकीनं सगळं गोळा करून बरणीत भरलं, आणि बरणी मैलाच्या दगडाला टेकवून ठेवली. उद्या पिशवी घेऊन यायचं आणि न्यायचं. उठताना सवयीनं त्यानं हात खाली सोडला आणि झटकला.

त्या दिवशी अमावस्या होती. देवरावला ते माहीत असायचं काही कारण नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शेडमध्ये तोच विषय. तिवाट्यावर कुणीतरी मोठा उतारा टाकून गेलं आहे. साधासुधा नाही; लिंबू आहे, हळद आहे, रक्त आहे, आणि सुया! सुया तर कुणी आजवर ऐकल्या नव्हत्या. शाळेची रिक्षा लांबून वळसा घालून गेली. गुरं वळवली गेली. तिवाट्यावर लिंबं विकायला बसणाऱ्या गोदाबाईंनी दुकान उचलून दुसऱ्या फाट्यावर मांडलं. देवराव चष्मा पुसत बसला. खरं म्हणजे उठून सांगायला हवं होतं की तो उतारा नाही, माझ्या शुगरच्या सुया आहेत. पण एवढ्या माणसांत उठून 'तो उतारा माझा' असं वाक्य म्हणायचं त्याच्या जिवावर आलं.

शेडमध्ये एक म्हातारा रोज यायचा. सातबाराच्या उताऱ्यासाठी त्याचे किती हेलपाटे झाले होते ते त्याचं त्यालाही आठवत नव्हतं. तो कानानं जरा कमी होता. तो एकदम उभा राहिला.

"उतारा निंगाला म्हंता? तिवाट्यावर ठेवला? माया असन. पटवारी म्हने पाठवतो. पाहून येतो."

लोक हसले. म्हातारा काठी टेकत गेला. उन्हं उतरायच्या आधी परत आला, जागेवर बसला, धोतरानं तोंड पुसलं.

"काय बाबा, भेटला उतारा?" इनायतुल्लानं विचारलं.

"माया नाई. नाव दुसऱ्याचं हाये."

शेड पुन्हा हसली. देवराव हसला नाही. बरणीत सुया होत्या, पट्ट्या होत्या. नाव कुठं होतं? त्यानं म्हाताऱ्याकडे पाहिलं. म्हातारा आधीपासूनच त्याच्याकडे पाहत होता.

संध्याकाळी देवराव पिशवी घेऊन तिवाट्यावर गेला. दगड होता. बरणी नव्हती. सगळ्या चाकोऱ्या त्या जागेला वळसा घालून गेल्या होत्या; आत दगडापर्यंत मोजकीच पावलं उमटली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं करंगळीच्या बाजूला सुई लावली, खटका दाबला. थेंब आला. दुखलं नाही. कमी दुखलं असं नव्हे. काहीच झालं नाही. जशी सुई कुणा दुसऱ्याच्या घरात वाजली. "लुबना हुशार पोरगी हाये," तो दुर्गाबाईंना म्हणाला.

त्या दिवशी त्यानं टाइपरायटर असा बडवला की चारी प्रती काळ्याभोर आल्या. 'ज्ञ' त्यानं गरज नसताना दोनदा मारला. कॉम्प्युटरवाल्या पोरानं बाहेर येऊन पाहिलं. जेवणानंतर देवरावनं टेबलाखाली मशीन काढलं, हात झटकला, मधल्या बोटाच्या बाजूला टोचलं.

"हाय अल्ला!" शेजारी इनायतुल्लानं बोट तोंडात घातलं.

"काय झालं?"

"मुंगी चावली वाटते." त्यानं टेबलाखाली पाहिलं. मुंगी नव्हती.

दुसऱ्या दिवशी जेवणानंतर देवरावनं डाव्या हाताचं बोट घेतलं. इनायतुल्लानं डावा हात झटकला. तिसऱ्या दिवशी देवरावनं मुद्दाम अनामिका घेतली, ज्या बोटाला लोकांनी 'बिननावाचं' एवढंच नाव ठेवलं आहे. सुई लावली आणि थांबला. इनायतुल्ला हिंदीत काहीतरी टाइप करत होता, गुणगुणत होता. देवरावनं खटका दाबला. गुणगुणणं तुटलं. इनायतुल्ला आपल्या अनामिकेकडे बघत होता. तिच्या बाजूला, नखाच्या अंगानं, लाल ठिपका होता.

तेवढ्यात देवरावला इनायतुल्लाच्या टेबलावरची बरणी दिसली. धुतलेली, झाकण तडकलेली, आत टाचण्या.

"हे कुठून आनली?"

"तिवाट्यावर पडेल होती. काय जाहिल लोक हायेत राजा! एवढी चांगली बरनी, कोनी हात लावून नाई राहिलं. आत सुया-बिया होत्या, त्या खड्डा करून पुरल्या. आपल्याले काय? आपन मानतो का?"

"नाई," देवराव म्हणाला, "आपन कुठं मानतो."

गंमत बघा. जे मानत होते ते सगळे वळसा घालून सुखरूप घरी गेले होते. जे दोघं मानत नव्हते, त्यांच्यातल्या एकानं उतारा टाकला होता आणि दुसऱ्यानं उचलला होता.

देवरावनं सांगितलं नाही. सांगायचं तर आधी मानावं लागणार होतं. आणि त्याची बोटं दुखत नव्हती, चौथी प्रत येत होती, गिऱ्हाईक पुन्हा येत होतं. मुंगीच असेल, असं तो रोज म्हणायचा, आणि रोज जेवणानंतर नवं बोट काढायचा. फक्त हल्ली टोचताना तो शेजारी बघत नसे.

मग एक दिवस चहा आला. देवरावनं घाईत घोट घेतला. चहा उकळता होता हे त्याला इनायतुल्लानं जीभ बाहेर काढून फू-फू केल्यावर कळलं. इनायतुल्लाचा कप अजून भरलेला होता. त्यानं त्याला हात लावला नव्हता. तो कपाकडे आणि कप त्याच्याकडे, असे दोघं एकमेकांना बराच वेळ बघत होते.

देवरावची दुखरी दाढ बरी झाली, आणि इनायतुल्लानं आपली दाढ काढून घेतली. डॉक्टर म्हणाला दाढ चांगली होती.

त्या वर्षांत तहसीलीसमोर एकाच मजकुराचे अर्ज फार यायचे. वरचं गाव बदलायचं, खालचं नाव बदलायचं, 'माझे पती', 'कर्ज' आणि 'मयत' हे शब्द आपली जागा सोडायचे नाहीत. देवरावचा हात त्या जागेवर आला की नेहमी एक क्षण अडायचा. कळ दुखते म्हणून नाही. कळा तर नंतर दुखायला लागल्या. तो अडायचा, खाकरायचा, आणि मग मारायचा. असाच अर्ज करायला पार्बताबाई आल्या तेव्हा तो अडला नाही. बाई समोर बसून सांगत होत्या, पदर तोंडाशी धरून, आणि देवराव सरळ टाइप करत गेला, जसं कुणी पोत्यावर गावाचं नाव रंगवावं. काही वाटलं नाही. आत बघितलं, तिथं झाडून-सारवून स्वच्छ होतं. त्याचीच त्याला भीती वाटली, पण ती भीतीही आली तशी कुठंतरी निघून गेली.

शेजारी टाइपरायटर थांबला होता. इनायतुल्ला रडत होता. हुंदके देऊन, बाया रडतात तसा. खांदे हलत होते. पार्बताबाई स्वतःचं विसरून त्याच्याकडे बघायला लागल्या.

"भाऊ, तुमच्या ओळखीतले होते का ते?"

इनायतुल्लानं मान हलवली. नाही. "मालूम नाही बाई कावून येऊन राहिलं," तो म्हणाला, आणि रुमाल शोधत बसला.

देवरावनं अर्ज काढून बाईंच्या हाती दिला. चारी प्रती सुंदर आल्या होत्या.

पुढच्या सोमवारी इनायतुल्ला लंगडत आला. डाव्या टाचेत काहीतरी रुतलंय म्हणाला, पाऊल टाकवत नाही, आणि दिसत तर काहीच नाही. त्यानं चप्पल काढून टाच दाखवली. शेडमधल्या दोघातिघांनी वाकून पाहिली. टाच लहान पोरासारखी कोरी होती.

"वहीम हाये तुले," कुणीतरी म्हणालं.

देवरावनं आपली डावी चप्पल काढली. टाचेत बाभळीचा काटा बुडापर्यंत गेला होता. भोवती पिवळं झालं होतं, वर लाल रेघ चढत होती. किती दिवसांचा होता कुणास ठाऊक. पायाला कळलं नव्हतं. चंद्रभानच्या पायाला नव्हतं कळलं तसंच. फक्त चंद्रभानच्या शेजारी कुणी लंगडत नव्हतं.

देवराव दवाखान्यात गेला. डॉक्टर काटा काढत असताना देवराव भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होता. बाहेर बाकावर बसलेला इनायतुल्ला ओरडला, तेव्हा काटा निघाला. डॉक्टरांनी सांगितलं, अजून चार रोज गेले असते तर अवघड होतं. ते देवरावला सांगत होते. पण ऐकून घाम इनायतुल्लाला फुटला.

दवाखान्याच्या पायरीवर देवरावनं सगळं सांगितलं. बरणी, झटका, करंगळी, अनामिका, चहा. सांगताना लाज वाटायला हवी होती. इनायतुल्लाचे कान लाल झाले.

"अबे मंग मी," इनायतुल्ला म्हणाला, "मी समजलो मले बी शुगर झाली! लुबनाकडं अकोल्याले जाऊन चेक करून आलो. नॉर्मल! पोरगी म्हने, अब्बा, तुमी चाचाची नक्कल करून राहिले का?" तो हसला. मग हसू आटलं. "अन् दाढ?"

"माही होती."

"माही चांगली दाढ काढून घेतली राजा मी." त्यानं जीभ त्या खड्ड्यात फिरवली. "अन् त्या बाईच्या वेळचं? पार्बताबाईच्या?"

देवरावनं मान खाली घातली. "थे बी माहंच."

इनायतुल्ला टाच चोळत बसला. समोरून एक बैलगाडी गेली.

"मले वाटलं," तो म्हणाला, "मी चांगला मानूस झालो."

ते तसेच गोदाबाईंकडे गेले; तिवाट्यावरच्या उताऱ्यांना लिंबं त्यांच्याकडूनच जायची. मानत नसलेली दोन माणसं विचारायला आली म्हणून बाईंनी त्यांना बसायला पोतं दिलं. सगळं ऐकून घेतलं.

"परत नाई होत," त्या म्हणाल्या. "उतारा ज्याले मालूम हाये, त्याले तो लागत नाई. तुमाले आता दोघायलेई मालूम हाये. आता तिसराच पायजे. ज्याले काई मालूम नाई असा."

दोघं तिवाट्यावर गेले. दुपार होती. इनायतुल्लानं बरणी त्याच दगडाला टेकवून ठेवली, आणि हात खाली सोडला. झटकायचं तेवढं राहिलं होतं.

"झटक," देवराव म्हणाला.

तिन्ही रस्ते मोकळे होते. मग परतवाड्याच्या बाजूनं एक बाई आली, कडेवर पोर, डोक्यावर गाठोडं. बहुतेक बाहेरगावची असावी, कारण ती वळसा न घालता सरळ येत होती. पोराला लाल झाकण दिसलं. पोरानं हात पुढं केला. "घे ना, घे ना," असा सूर लावला, आणि बाई दगडाकडे वळली.

इनायतुल्ला लंगड्या पायानं धावला. आजवर तो एवढा धावल्याचं देवरावला आठवत नव्हतं. त्यानं बरणी उचलली, छातीशी धरली. "आमची हाये बाई," तो म्हणाला. "टाचन्या ठेवतो आमी त्यात."

बाई गेली. पोर लांबपर्यंत मागं बघून रडत होतं.

"आता?" देवरावनं विचारलं.

"आता काय? राहू दे माह्याकडं." त्यानं टाच उचलून धरली होती. "तू फक्त पायाकडं रोज पायत जा राजा. मले दुखलं की मी आवाज देईन. अन् टोचाच्या आधी सांगत जा, येवढंच. एकदम नको टोचू."

देवरावला रडू यायला हवं होतं. इनायतुल्लानं बाहीनं डोळे पुसले. तेव्हा देवराव म्हणाला की असं चालणार नाही. माझं आहे ते मला पाहिजे. एकाच्या नावचं दुसऱ्याच्या नावावर चुकून चढलं, तर त्याला फेरफार असतो. त्यासाठीच तर समोर एवढी मोठी इमारत उभी आहे.

आतल्या बाबूनं सगळं ऐकून घेतलं. हसला नाही, त्या खुर्चीवर बसून त्यानं यापेक्षा चमत्कारिक गोष्टी ऐकल्या होत्या आणि त्या सगळ्या खऱ्या निघाल्या होत्या. एवढंच म्हणाला, "तोंडी नाई चालत. अर्ज करा."

देवराव शेडमध्ये येऊन बसला. कागद चढवला. त्या दिवशीच्या टोचलेल्या बोटानं पहिली कळ मारली, तशी इनायतुल्लाची मूठ आवळली गेली.

"हळू मारू का?"

"नको. मार तू. फक्त मजकूर लहान ठेव."

पण अर्जाला लागतो तेवढा मजकूर लागतोच.

*प्रति, मा. तहसीलदार साहेब.*

*विषय: नजरचुकीने दुसऱ्याच्या अंगी गेलेले दुखणे मूळ धारकास परत मिळणेबाबत.*

*महोदय, उपरोक्त विषयान्वये विनंतीपूर्वक अर्ज सादर करण्यात येतो की, अर्जदाराच्या मालकीचे व वहिवाटीचे दुखणे हे मौजे तिवाटा येथून श्री. इनायतुल्ला, व्यवसाय टंकलेखन, यांच्या अंगी गेले असून ते अद्याप त्यांच्याच ताब्यात आहे. सदर इसमाने ते समजून-उमजून घेतलेले नाही, व समजल्यानंतर तिसऱ्यास देण्यास नकार दिला आहे. अर्जदाराची त्यांच्याविरुद्ध कोणतीही तक्रार नाही.*

*तरी मोक्यावर येऊन दोघांच्या बोटांचा व टाचांचा पंचनामा करण्यात यावा, व सर्व दुखणे अर्जदाराच्या नावे परत चढवून तसा उतारा देण्यात यावा. काढलेली दाढ परत करणे शक्य नसल्यास त्याबाबतचा हक्क अर्जदार सोडून देत आहे. अंतिम निर्णयास विलंब होणार असेल, तर तोपर्यंत निदान पार्बताबाईंच्या अर्जाच्या वेळचे रडू, जे अर्जदाराचे स्वतःचे असून दुसऱ्याच्या डोळ्यांवाटे खर्ची पडले आहे, तेवढे तातडीची बाब म्हणून मूळ जागी परत करण्याचे आदेश संबंधितांस व्हावेत.*